रुपाबाई आणि विझलेला टावर

माझी धाकटी जाऊ रुपाबाई हिनं जन्मात कोणत्याच गोष्टीचा शेवट पाहिला नव्हता. हे आधी सांगून ठेवते, म्हणजे ती त्या दिवशी बसमधून का उतरली नाही ते समजेल.

शाळा तिची दुसरीत राहिली, कारण घरी भाऊ जन्मला आणि त्याला कडेवर घेणारं कोणी पाहिजे होतं. लग्नात ती मांडवातच झोपली. मंगलाष्टकं संपून वाजंत्री वाजली तेव्हा तिच्या मामानं तिला दंडाला धरून उभं केलेलं होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं, कारण त्याच मांडवात मी थोरली जाऊ म्हणून मिरवत होते. नवरा मुलगा म्हणजे आमचे दीर इंद्रभान. ते जागे होते, पण ते जागे असले काय आणि झोपले काय, बोलत कुठं होते.

मंगरुळपीरच्या उरुसात पूर्वी तंबूतला सिनेमा यायचा. सासूबाईंच्या विनवण्या करून आम्ही दोघी एकदा बैलगाडीत बसून गेलो. सिनेमातली बाई आंधळी झाली, तिचा मुलगा गर्दीत हरवला, आणि तेवढ्यात घरून सांगावा आला की गाय व्यायला झाली, चला. आम्ही उठलो. रुपाबाईच्या डोक्यात ती बाई पुढं कित्येक वर्षं आंधळीच राहिली. बाजारात भाजी विकताना समोरची गिऱ्हाईक बाई जरा शहरातली दिसली की ही विचारायची, "ते आंधळी झाली होती नं, तिचे डोये आले का मंग?" सिनेमाचं नाव तिला माहीत नाही, त्या बाईला तर काहीच माहीत नाही. ती बिचारी मेथी घेऊन घाईनं निघून जायची.

गावात नाटक झालं की तिसऱ्या अंकाला हिचं पोरगं रडायचं. घरात टीव्ही आला तेव्हा वाटलं, आता काय, घरबसल्या पाहील. पण मालिकेचा शेवटचा भाग लागला की लाईन जायची. रुपाबाई कुठवर पाहते हे लाईनवाल्यांनाही माहीत असावं.

तिनं कधी तक्रार केली नाही. "राहू दे," म्हणायची आणि कामाला लागायची. आमचं आसेगाव म्हणजे सोयाबीन-तुरीचं गाव, पण रुपाबाईनं विहिरीजवळच्या तुकड्यात भाजीचा मळा धरला, आणि मळ्याला तर शेवट नसतोच. वांगी संपत नाहीत तोवर मेथी वर येते, मेथी उपटली की सांबार, म्हणजे कोथिंबीर, तयार. सकाळी जुड्या बांधायच्या, मंगरुळपीरला न्यायच्या, विकून यायचं, परत पाणी द्यायचं. तिच्या जुडीत चार काड्या जास्तच असत, आणि बोलण्यात चार शब्दही.

तर यंदाच्या दिवाळीला तिची नात योगिनी घरी आली. योगिनी अमरावतीला नर्सिंग शिकते. तिचा भाऊ पवन पुण्याला नोकरीला आहे, त्यानं राखीची ओवाळणी म्हणून तिला खेळायची एक मशीन दिली होती. दोन्ही हातांत धरायची, मध्ये काचेचा पडदा, दोन्ही अंगठ्यांखाली गोल बटणं. आमच्या वेळी ओवाळणीत खण यायचा, पण असो, खणावर काही दिसत नव्हतं.

एका दुपारी योगिनी ओसरीत पाय पसरून ती मशीन खेळत होती. रुपाबाई जवळ बसून मेथीच्या जुड्या बांधत होती आणि मी भुईमुगाच्या शेंगा सोलत होते.

"काय पाहून राह्यली वं पोट्टे कव्हाची?" रुपाबाईनं विचारलं.

"गेम हाय आजी. एक पोरगी हाय. तिचा बाप डोंग्यात बसून मासोळ्या धराले गेला, अन् वापस आलाच नाई."

रुपाबाईच्या हातातली जुडी थांबली. "काहून नाई आला?"

"काठावरचा दिवा विझला नं. त्याले अंधारात काठच दिसून नाई राह्यला. तो दिवा लावाचा हाय."

"मंग लाव नं."

"एवढं सोपं असतं तं गेम कायले राह्यला असता?"

रुपाबाई सरकत सरकत तिच्या खांद्याशी गेली. मीही शेंगांची टोपली घेऊन जरा तिकडं सरकले, कारण तिकडं उजेड बरा होता.

चित्र मोठं देखणं होतं. समुद्राकाठचं एक गाव, उतरती घरं, गल्ल्या. आम्हा दोघींपैकी कोणी समुद्र पाहिलेला नाही. रुपाबाईनं त्याला धरण म्हटलं, आणि ते शेवटपर्यंत धरणच राहिलं. धरणाच्या काठी एक उंच मनोरा, त्याच्या डोक्यावर मोठा दिवा. तिच्या लेखी तो मोबाईलचा टावर. पोरगी लहानशी, हातात फाटकी छत्री. गेममध्ये अक्षर म्हणून कुठं नव्हतं. कोणाला काही पाहिजे असलं की त्याच्या डोक्यावर ढग निघायचा आणि ढगात त्या वस्तूचं चित्र यायचं. पडद्यावर एक पांढरा हात फिरत होता. अंगठ्यानं तो चालवायचा. एखाद्या वस्तूवर नेऊन बटण दाबलं की वस्तू पोरीच्या पिशवीत. मग पिशवीतून काढून ती कुठं लागते ते पाहायचं. मारामारी नाही, पळापळ नाही, कोणी हाकलत नाही. बसून डोकं लावायचं.

योगिनी एका बंद दारापाशी अडली होती. कुलूप दिसत होतं, किल्ली सापडत नव्हती.

"चुलीतल्या राखेत हुडकून पाय," रुपाबाई म्हणाली.

"आजी, राखेत कोन किल्ली ठेवते?"

"पाय तं खरी."

योगिनीनं पांढरा हात राखेत घातला. किल्ली नव्हती, पण लोखंडाचा एक आकडा निघाला. योगिनीनं तो दोरीला बांधला, दोरी विहिरीत सोडली, आणि विहिरीतून किल्ली वर आली. दोघी एकमेकींकडं पाहून अशा हसल्या, जशी काही आमच्याच विहिरीतून घागर निघाली. जुड्या तशाच राहिल्या.

त्या दिवसापासून मशीन रुपाबाईच्या हाती गेली. आधी आधी अंगठा जमेना. पांढरा हात आभाळात जायचा, नाही तर धरणात बुडायचा. "अरे इकडं ये नं मुडद्या, तिकडं काय ठेवलं?" असं ती त्या हाताला बोलायची. साऱ्या जन्मात नवऱ्याला बोलली नाही तेवढं त्या हाताला बोलली. मग अंगठा बसला. शेवटी वांग्याची देठं काढलेला अंगठा तो, ऐकेल नाही तर काय करेल.

खेळायची तिची एक रीत होती. कापूस वेचलेली बाई, दिसलं की ओटीत टाकायची सवय. वाटेवरचा दगड, मोडकी दांडी, सुतळीचा तुकडा, काही सोडायची नाही. पण तेच कोणाच्या घरात असलं की मालक घरी नसताना उचलायची नाही. मालक दारात येईपर्यंत त्या पोरीला बाहेर उभी ठेवायची. मालक आला की पांढरा हात त्याच्यावर नेऊन बटण दाबायची, म्हणजे विचारायची. त्यानं मान हलवली की मगच वस्तू घ्यायची.

योगिनी कंटाळायची. "आजी, तो माणूस नुस्तं चित्र हाय."

"म्हनून काय त्याच्या घरात घुसाव?"

आमचे दीर आठवड्यात मोजून चार वाक्यं बोलतात. त्यांनी त्या आठवड्यातलं एक वाक्य खर्च केलं. ओसरीच्या पायरीवर उभं राहून विचारलं, "वांग्याले पानी कोन देईन?"

रुपाबाईनं पडद्यावरून नजर न काढता सांगितलं, "तुमी."

आणि त्यांनी दिलं.

दिवाळीची सुट्टी अशी मजेत गेली. दुपारी ओसरीत आम्ही तिघी. मी खेळत नव्हते, मी शेंगा सोलत होते. फक्त "मांजर त्या पायरीवर कायले बसली वं?" असं एखादं बोलायची. कारण ती मांजर टावरच्या दारातच बसली होती आणि कोणाला वर जाऊ देत नव्हती. तिला मासोळी पाहिजे, हे मी आधी सांगितलं होतं. माझं कोणी ऐकलं नाही आणि मग मासोळीच निघाली. असो.

आता वाटीचं सांगते.

गेममध्ये खालच्या गल्लीत एक म्हातारी होती. तिनं त्या पोरीला वाटीत काहीतरी गरम प्यायला दिलं. रुपाबाईच्या मते कढी. पोरगी प्याली आणि रिकामी वाटी तिच्या पिशवीत आली. योगिनी म्हणाली, "राहू दे आजी पिशवीत, पुढं कामी येईन," आणि डोक्यावरून न्हायला गेली.

आता शेजारणीची वाटी घरात ठेवून घेणं रुपाबाईच्या रक्तातच नाही. आणि रिकामी परत करणं त्याहून नाही. आमच्याकडं कोणाचं भांडं आलं की परत जाताना त्यात काही ना काही जातं. मूठभर साखर, दोन वांगी, काहीच नसलं तर गुळाचा खडा. रुपाबाईनं पिशवी उघडली. किल्ली होती, ती परक्या घराची. तेलाचा डबा होता, तो दिव्यासाठी. मासोळी मांजरीची. दोरी म्हणजे कामाची वस्तू. राहिली काडेपेटी. म्हातारीची चूल विझलेली दिसत होती, तेव्हा काडेपेटी तिला उपयोगी. रुपाबाईनं काडेपेटी वाटीत घातली आणि वाटी म्हातारीच्या हाती दिली. म्हातारी बोळक्या तोंडानं हसली, वाटी घेऊन आत गेली आणि दार लागलं. रुपाबाईला बरं वाटलं. तिनं कोणाला सांगितलं नाही, कारण यात सांगण्यासारखं काय आहे?

योगिनी जायच्या आदल्या दुपारी आम्ही तिघी घट्ट बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची बस, मशीन तिच्याबरोबर जाणार. म्हणजे दिवा आज लागला पाहिजे. मांजरीनं मासोळी खाल्ली, वाट सोडली. पोरगी टावरच्या पायऱ्या चढत वर गेली. दिव्यात तेल पडलं. रुपाबाईनं पदर कमरेला खोचला, जशी काही तीच चढून आली. मग पोरीच्या डोक्यावर ढग निघाला आणि त्यात आगकाडी दिसली.

योगिनीनं पिशवी उघडली. "आजी, काडेपेटी कुठी गेली?"

"बुढीले देल्ली."

"कोन्त्या बुढीले?"

"ते नाई का, जिनं कढी पाजली."

"काहून देल्ली?"

"मंग वाटी काय रिकामी देवाव वं?"

योगिनी इतकी हसली की मशीन तिच्या मांडीत पडली. पोरीला खाली आणून म्हातारीचं दार वाजवून पाहिलं. दार उघडेना.

"देल्लेली वस्तू कोनी वापस मांगाले आलं असतं तं म्या बी उघडलं नसतं," रुपाबाई म्हणाली.

"आता काही होत नाई आजी. हा जुन्या पद्धतीचा गेम हाय. एकडाव चुकलं का अडकलं. आता पयल्यापासून."

"पयल्यापासून म्हन्जे?"

"म्हन्जे राखेतला आकडा, विहीर, समदं."

रुपाबाईनं कमरेचा पदर सोडला आणि उठली. तिचं ते तोंड मला माहीत आहे. उरुसातून निघालेल्या बैलगाडीत तेच तोंड माझ्या शेजारी बसलं होतं. आता "राहू दे" म्हणेल, असं वाटून मी शेंगांत मान घातली.

पण ती तसं म्हणाली नाही. मळ्यात जाऊन आली, जेवायला वाढलं, आणि भाकरी तोडता तोडता विचारलं, "योगिनी, उद्या तुही गाडी कारंज्याहून जाते नं?"

"हाव."

"मंग आमी येतो तुह्यासंगं कारंज्यालोक. तथून वापस येऊ."

"आमी म्हन्जे कोन?" मी विचारलं.

"तुमी अन् मी, मोठ्याबाई. माह्या बहिनीची भेट नाई झाली कव्हाची."

तिची बहीण कारंज्याला दिलेली आहे, हे खरं. पण गेल्या कित्येक वर्षांत रुपाबाईला तिची एवढी आठवण आली नव्हती. दिरांनी मान वर केली, बायकोकडं पाहिलं, मशीनकडं पाहिलं आणि म्हणाले, "बरं."

सकाळी मंगरुळपीरच्या स्टँडवर लालपरी लागली होती. पंच्याहत्तरीच्या वरच्यांना तिच्यात तिकीट माफ आहे, फक्त आधार कार्ड दाखवायचं. आमच्या दोघींच्याही आधार कार्डावर जन्म एक जानेवारी लिहिला आहे, आमच्या वयाच्या निम्म्या गावासारखा. कंडक्टर बाई होती, साधनाबाई नावाची, आमच्याच भागातली. तिनं दोन्ही कार्डं पाहिली आणि म्हणाली, "जुळ्या हाय का काय तुमी?"

"नाई, जावा हाव," रुपाबाई म्हणाली, "त्याच्यापेक्षा पक्कं."

तिघींच्या बाकावर आम्ही बसलो, मधे रुपाबाई. गाडी स्टँडाबाहेर पडायच्या आत तिनं राखेत हात घातला होता. आता वाट ठाऊक होती. आकडा, दोरी, विहीर, किल्ली. मालकांना विचारणं मात्र याही खेपेला सोडलं नाही. गाडी गचके खात होती आणि पांढरा हातही गचके खात होता, पण ती त्याला चुचकारत होती.

पुढच्या बाकावरची एक लेकुरवाळी बाई मागं वळून पाहायला लागली. मग फुलसिंग नावाचा लाल पागोट्याचा एक म्हातारा उभ्या उभ्या आमच्या बाकावर ओणवा झाला.

"काय हुडकून राह्यल्या बाई?"

"या पोरीचा बाप," रुपाबाई म्हणाली.

"कव्हा हरपला?"

"दिवाईच्या आधीच."

"पोलिसात सांगतलं का?"

"गेम हाय बाबा," योगिनी म्हणाली.

"हाव, पन सांगाले काय जाते," फुलसिंग म्हणाला आणि आणखी वाकून पाहू लागला.

असं करता करता खालची गल्ली आली, म्हातारी आली, कढी झाली आणि वाटी पुन्हा पिशवीत पडली. रुपाबाईचा अंगठा थांबला.

"आजी," योगिनी म्हणाली, "याबारी वाटी ठेवून दे पिशवीत. कोनी काई म्हनत नाई."

"ठेवून दे म्हन्जे?" हे रुपाबाईनं नाही, पुढच्या लेकुरवाळ्या बाईनं विचारलं. "दुसऱ्याची वाटी?"

"तं रिकामी देऊन टाक."

यावर आजूबाजूच्या साऱ्या बायकांनी योगिनीकडं असं पाहिलं की तिनं ओढणी नीट केली.

"मासोळी दे टाकून," फुलसिंग म्हणाला.

"मांजर काय तुमाले खाईन मंग?" मी म्हटलं. मांजरीचं मला माहीत होतं.

"दोरी?" "दोरी लागन नं पुढं कुठी." "तेल देवा थोडंसं." "तेल वाटीत घेतलं का समदं जाते, थोडंसं नाई घेता येत." अशी बसभर चर्चा झाली. मागच्या बाकावरून कोणी विचारलं की काय झालं, तर कोणी सांगितलं की वाटीचं अडलं आहे. साधनाबाई तिकिटं फाडायची थांबून दांडीला टेकून उभी राहिली होती.

"पानी भरून द्या नं," लेकुरवाळी बाई लेकराला दुसऱ्या मांडीवर घेत म्हणाली. "विहीर तं हाय तथी. माह्या घरी काई नसलं का मी पानीच देतो भरून."

रुपाबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग पोरीला मागं विहिरीवर नेलं, वाटी भरली आणि म्हातारीला नेऊन दिली. म्हातारीनं वाटी घेतली, पाणी खिडकीतल्या फुलझाडाला घातलं, हसली आणि आत गेली. दार लागलं.

"यानं काई नाई होत आजी," योगिनी म्हणाली. "पानी नाई देल्लं असतं तरी चाललं असतं."

"झालं नं. वाटी गेली तिच्या घरी," रुपाबाई म्हणाली. आणि पुढची बाई समाधानानं समोर वळून बसली, आणि लगेच परत मागं वळली.

मांजरीला मासोळी दिली तेव्हा कारंज्याचं स्टँड आलं.

"कारंजा, कारंजा," साधनाबाई ओरडली. "आजी, उतरता नं?"

रुपाबाई उतरेना. "पुढं यायचं हाय आमाले."

"पुढं कुठलोक?"

"हिचा बाप येईस्तोर."

साधनाबाईनं मशीनमध्ये वाकून पाहिलं. पोरगी टावरच्या पहिल्या पायरीवर उभी होती. "अमरावतीलोक करून देतो," ती म्हणाली आणि घंटीची दोरी ओढली.

मी रुपाबाईच्या कानात म्हटलं, "अवं, घरच्या चपलेवर निंगालो आपन. हातात पिशवी नाई."

"पायात हायेत नं चपला? मंग."

तेवढ्यात माझा फोन वाजला. दीर होते. मी फोन रुपाबाईच्या कानाला लावला, कारण तिचे दोन्ही हात गुंतलेले होते.

"पोचल्या?" ते म्हणाले.

"अमरावतीले चाललो."

"काहून?"

"पोरीचा बाप यायचा हाय."

"कोन्त्या पोरीचा?"

"आल्यावर सांगतो. सांजीले वांग्याले पानी द्या."

त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी ते आठवड्याचं सारं बोलून बसले असावेत.

पोरगी पायऱ्या चढायला लागली आणि पडद्याच्या कोपऱ्यात लाल खूण लुकलुकली. योगिनीचा चेहरा पडला. "आजी, चार्जिंग संपून राह्यलं."

"लाईन जाऊन राह्यली का?" रुपाबाईनं विचारलं. अगदी हळू.

योगिनीनं बॅग उचकटली. चार्जर घरीच ओसरीत भिंतीला लागून राहिला होता. मी खिडकीबाहेर पाहायला लागले. मला रुपाबाईचं तोंड पाहवेना.

फुलसिंगनं बंडीत हात घातला. आतल्या खिशातून एक काळी पट्टी काढली, चार्जिंग भरून ठेवायची. "ढोरामांगं दिवस दिवस रानात राह्यतो बापा, मोबाईल कसा चालन? पोरानं देल्ली." त्याची वायर लावून पाहिली तर मशीनला बसेना. साधनाबाईनं दोन बाकांवरून हात लांब केला. तिच्या मोबाईलची वायर बसली. लाल खूण हिरवी झाली. रुपाबाईनं फुलसिंगकडं पाहिलं आणि म्हणाली, "बसा नं भाऊ, कव्हाचे उभे हा," आणि मला सरकायला लावलं. तिघींच्या बाकावर आम्ही चार झालो.

वर दिव्यात तेल पडलं. ढग निघाला. पिशवीत काडेपेटी होती. रुपाबाईनं काडी ओढली, ज्योत आली, आणि टावरच्या खिडकीतून वारा आला नि काडी विझली. परत ओढली. परत विझली.

"खिडकी लाव," चार-पाच जण एकदम म्हणाले.

खिडकी लावली तर फळी सुटून आपोआप उघडायची. रुपाबाईनं पांढरा हात साऱ्या खोलीत फिरवला. दगड लावून पाहिला, दांडी लावून पाहिली. काड्या संपत आल्या होत्या.

"दोरी, आजी," योगिनी म्हणाली. "विहिरीची दोरी. बांधून टाक."

रुपाबाईनं दोरी काढून फळीला लावली. पांढऱ्या हातानं दोन वेढे घेतले. फळी थांबली. मग तिनं काडी ओढली.

दिवा लागला. आधी नुसता पिवळा ठिपका, मग तो मोठा झाला आणि फिरायला लागला. उजेडाचा पट्टा गल्ल्यांवरून गेला, म्हातारीच्या घरावरून गेला, धरणावर गेला. लांब पाण्यात काहीतरी काळं दिसलं. पट्टा फिरून परत आला तेव्हा तो डोंगा होता, आणि डोंग्यात एक माणूस उभा होता.

"आला," फुलसिंग म्हणाला.

डोंगा काठाला लागला. पोरगी टावरवरून खाली धावली. बाप उतरला. ती त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या डोक्यावर तिनं ती फाटकी छत्री धरली, टाचा उंच करून. एवढंच. दोघं गल्लीनं वर चालत घराकडं गेले आणि खिडकीत उजेड झाला.

पुढच्या बाईनं लेकराला उगाच छातीशी धरलं. कोणी टाळी वाजवली, मग आणखी कोणी वाजवली. ड्रायव्हरनं आरशातून विचारलं, "काय झालं वं?" साधनाबाईनं सांगितलं, "आला बाप." त्यानं हॉर्न दिला. तेव्हा कळलं की गाडी अमरावतीच्या स्टँडात शिरली आहे.

माणसं उठली, पिशव्या काढू लागली. फुलसिंगनं आपली काळी पट्टी मागितली नाही, उभा राहिला. पडदा काळा झाला होता आणि त्यावर खालून पांढरी अक्षरं येत होती, वर जात होती.

"संपलं आजी," योगिनी म्हणाली आणि बंद करायला हात पुढं केला.

रुपाबाईनं मशीन बाजूला घेतली. "हे काय होय मंग?"

"नावं हायेत. ज्यायनं हे बनवलं त्यायची."

"मंग त्यायले बी जाऊ दे नं."

नावं पुष्कळ होती. गाडी रिकामी झाली. ड्रायव्हर उतरून गेला. साधनाबाई दारातून परत आली.

"आजी, गाडी खाली कराव लागते."

"नावं जाऊन राह्यली वं. थांब जराशी."

साधनाबाई पलीकडच्या बाकावर बसली, तिकिटाची मशीन मांडीवर ठेवून. फुलसिंगही परत टेकला. आम्ही पाच जण त्या रिकाम्या गाडीत बसून कोणाकोणाची नावं वर जाताना पाहत होतो. रुपाबाईला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं, कारण ते इंग्रजीत होतं. पण एखादं नाव लांबलचक आलं की ती मान हलवायची.

शेवटचं नाव वर गेलं. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. रुपाबाईनं आणखी थोडी वाट पाहिली. मग फुलसिंगची पट्टी काढून त्याला दिली, साधनाबाईची वायर गुंडाळून तिला दिली, पदरानं काच पुसली आणि मशीन योगिनीच्या हाती ठेवली.

"घे. आता कुठी चहा पाज," ती म्हणाली. "मोठ्याबाईले भूक लागली असन, पन सांगत नाई ते."